रिकाम्या जागेलाही टॉलरन्स द्या

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ,
वांद्रे (पूर्व), मुंबई

महोदय,


मंडळ दर परीक्षेनंतर आदर्श उत्तरपत्रिका जाहीर करतं. तिच्या पहिल्या पानावर परीक्षकांसाठी सूचना असतात. मुलं ते पान ओलांडून थेट उत्तरांकडे जातात. आम्ही शिकवणारे मात्र त्या सूचना वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्यांतली एक सूचना गणिती उदाहरणांबद्दल आहे. तिचा आशय असा, की उदाहरणांना पायरीपायरीने गुण द्यावेत. विद्यार्थ्याने धरलेले स्थिरांक वेगळे असू शकतात, त्यामुळे त्याचं उत्तर आणि आदर्श उत्तर यांत थोडा फरक पडू शकतो, हे ध्यानात ठेवावं. ज्यांनी कुणी ही सूचना पहिल्यांदा लिहिली, त्यांनी स्वतः भरपूर आकडेमोड केलेली असणार. पदविकेच्या किती मुलांना या दोन ओळींनी न्याय दिला असेल, त्याची गणती नाही.

हे पत्र त्या दोन ओळींसाठी आहे. कागदावरच्या परीक्षेत त्या पाळल्या जातात. पण मूल ऑनलाइन चाचणीच्या रिकाम्या जागेत एखादी संख्या टाइप करतं, तेव्हा तपासणाऱ्या यंत्राला त्या कुणी सांगितलेल्याच नसतात.

मी आधी भोसरीत टूलरूमच्या इन्स्पेक्शनला होतो. आता पिंपरी-चिंचवडमध्ये पदविकेच्या मुलांना वर्कशॉपचं गणित आणि मेट्रॉलॉजी शिकवतो. निगडी-आकुर्डीपासून चाकण-तळेगावपर्यंतच्या या पट्ट्यात ऑनलाइन चाचणी आता रोजची झाली आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती नाइलाजाने आली. कॉलेजं उघडली तरी ती गेली नाही, कारण तिच्यात शिक्षकाचा वेळ वाचतो आणि मुलाला निकाल लगेच कळतो. २०२३-२४ पासून मंडळाचा नवा अभ्यासक्रम, म्हणजे के-स्कीम, लागू झाला, वर्षभरातल्या मूल्यमापनाचं आणि स्वयं-अध्ययनाचं वजन वाढलं, तशा या चाचण्याही वाढल्या. कंपन्यांच्या ट्रेनी भरतीतही पहिली चाळणी बहुतेक वेळा ऑनलाइनच असते. चाचणी ऑनलाइन आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यात संख्येचं उत्तर ज्या पद्धतीने तपासलं जातं, त्याबद्दल आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. माइल्ड स्टीलचा २५ मि.मी. व्यासाचा बार लेथवर टर्न करायचा आहे. कटिंग स्पीड ३० मीटर प्रतिमिनिट धरला आहे. स्पिंडल मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरवायचा? पहिल्या वर्षाच्या मुलालाही येणारं गणित आहे: ३० ला १००० ने गुणायचं आणि पाय गुणिले २५ ने भागायचं. आता ज्या मुलाने कॅल्क्युलेटरवरचं पायचं बटण दाबलं त्याचं उत्तर येतं ३८१.९७. ज्याने पाय म्हणजे ३.१४ धरलं त्याचं येतं ३८२.१७. ज्याला शाळेत बावीस सप्तमांश शिकवलं आणि ज्याने तेच धरलं, त्याचं येतं ३८१.८२. तिघांची रीत बरोबर, सूत्र बरोबर, एककं बरोबर. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उत्तरातला फरक हजारात एकाहूनही कमी आहे. जवळच्या पूर्णांकात लिहा म्हटलं, तर तिघांचंही उत्तर ३८२.

पण चाचणीच्या उत्तरसूचीत ३८१.९७ एवढंच भरलेलं आहे, म्हणून पहिल्याला दोन गुण मिळतात आणि उरलेल्या दोघांना शून्य. आता लेथवर जा. गिअरबॉक्सच्या लेथला ठरावीक वेगांचे टप्पे असतात. ऑपरेटर ३८० च्या आसपासचा, बहुधा लगतचा खालचा टप्पा निवडतो आणि काम सुरू करतो. सीएनसीवर प्रोग्रॅमर ३८२ लिहील, किंवा सरळ ३८०. त्या बारला, त्या टूलला दशांशानंतरच्या दोन आकड्यांशी काहीही देणंघेणं नाही. ज्या अचूकतेला कामाच्या ठिकाणी किंमत नाही, ती परीक्षेत मागितली गेली, आणि मागितली आहे हे मुलांना आधी सांगितलंही गेलं नाही.

कागदावर हेच उदाहरण आलं असतं तर तुमच्या परीक्षकाने तिघांनाही पूर्ण गुण दिले असते. तुमची सूचनाच तशी आहे.

आता यंत्र असं का वागतं ते पाहू, कारण दोष यंत्राचा नाही. ऑनलाइन चाचणीत रिकाम्या जागेचे प्रश्न ढोबळमानाने दोन तऱ्हांनी तपासले जातात. एका तऱ्हेत यंत्र मुलाचं उत्तर संख्या म्हणून वाचतच नाही. ते अक्षरं जुळवतं. गूगल फॉर्म्सच्या क्विझमध्ये लघुउत्तराची सूची ही अशी जुळणी असते. शिक्षकाने दिलेल्या पर्यायांपैकी एखाद्याशी उत्तर जसंच्या तसं जुळलं तर बरोबर, नाहीतर चूक. राजधानीचं नाव विचारायला ही पद्धत ठीक आहे, संख्येला नाही. दुसऱ्या तऱ्हेत यंत्र उत्तर संख्या म्हणून वाचतं आणि शिक्षकाने दिलेल्या फरकाच्या मर्यादेत ते बसतं का, ते बघतं. अनेक कॉलेजांत असलेल्या मूडल या मोफत प्रणालीत संख्यात्मक प्रश्नाचा वेगळा प्रकारच आहे. त्यात उत्तराशेजारी किती चूक चालेल ते भरायची चौकट असते. एककं हाताळायची सोयही असते. म्हणजे साधन हाताशी आहे. पण शिक्षकाने घाईत लघुउत्तराचा प्रकार निवडला, किंवा संख्यात्मक प्रकार निवडून ती चौकट शून्यावरच ठेवली, की सगळी सोय वाया जाते. आणि ती चौकट काय भरायची हे शिक्षकाला कुणी शिकवलेलं नाही. बीई-एमई करून आलेल्या तरुण शिक्षकाने रात्री जागून पन्नास प्रश्न टाकायचे, दुसऱ्या दिवशी दोन प्रॅक्टिकलं घ्यायची, त्यात हा बारकावा त्याने स्वतःहून शोधावा अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

अक्षरजुळणीत मुलांचे काय हाल होतात ते व्हर्नियर कॅलिपरच्या प्रश्नात दिसतं. मुख्य पट्टीवरच्या ४९ भागांत व्हर्नियरचे ५० भाग बसतात, तर लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) किती? उत्तर ०.०२ मि.मी. हा प्रश्न प्रत्येक चाचणीत असतो. एका कॉलेजातल्या मुलाने उत्तर लिहिलं ‘०.०२ मि.मी.’ आणि त्याला शून्य मिळालं, कारण सूचीत नुसती संख्या होती. त्याने धडा घेतला. पुढच्या चाचणीत दुसऱ्या शिक्षकांच्या प्रश्नाला त्याने नुसती संख्या लिहिली, तर तिथे सूचीत एककासकट उत्तर होतं. पुन्हा शून्य. हा मुलगा खेड तालुक्यातून रोज एसटीने येतो, आणि मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये त्याच्याइतका स्थिर हात वर्गात दुसऱ्या कुणाचा नाही. ‘सर, एकक लिहायचं की नाही?’ असं तो मला विचारत होता, आणि खरं उत्तर एवढंच होतं की ते ज्याने त्याने सूची भरताना काय टाइप केलं त्यावर आहे. शून्याशिवाय नुसतं ‘.०२’ लिहिणारी मुलं असतात, शेवटी आणखी एक शून्य देऊन ‘०.०२०’ लिहिणारी असतात. ही सगळी एकच संख्या आहे. यंत्राला ती वेगवेगळी चिन्हांची माळ दिसते.

यातच एक गोष्ट अशी आहे जी खास आपल्या राज्याची आहे, आणि मंडळाने ती सर्वांत आधी हातात घ्यावी असं मला वाटतं. २०२१-२२ पासून पदविकेच्या पहिल्या वर्षाला मराठी आणि द्विभाषिक शिक्षणाची सोय झाली. तुमच्या आदर्श उत्तरपत्रिकांत त्याचीही सूचना आली: मुलाने मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून उत्तर लिहिलं, तर आशय जुळतो का ते पाहून गुण द्यावेत. निर्णय उत्तम आहे. पण मराठी माध्यमातून आलेलं मूल मोबाइलवर चाचणी देताना मराठी कळफलक उघडून ०.०२ लिहितं, तेव्हा ते देवनागरी अंकांत लिहितं. पहिलीपासून त्याने हेच अंक गिरवले आहेत. संगणकाच्या लेखी देवनागरी दोन आणि इंग्रजी दोन ही सर्वस्वी वेगळी चिन्हं आहेत. युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. अक्षरं जुळवणारी चाचणी ते उत्तर चूक ठरवते. संख्या वाचणाऱ्या चाचणीचंही काही खरं नाही. पायथन ही संगणकभाषा देवनागरी अंक सरळ संख्या म्हणून वाचते, पण ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ते संख्या मानत नाही. म्हणजे मुलाचं उत्तर बरोबर की चूक हे प्रणाली कोणत्या भाषेत लिहिली आहे त्यावर ठरणार. शासन मराठीत शिका म्हणतं, परीक्षक मराठीत लिहिलेलं वाचतो, आणि तीच मराठी संख्या रिकाम्या जागेत टाकली की गुण जातो.

याचा उपाय अगदी छोटा आहे. उत्तर तपासण्याआधी दहा देवनागरी अंकांच्या जागी दहा इंग्रजी अंक घालणं हे कुठल्याही प्रोग्रॅमरचं काही मिनिटांचं काम आहे. पण ते करायला हवं असं कुणीतरी अधिकाराने सांगावं लागतं.

स्वल्पविरामाचंही तसंच. आपण दोन लाख दहा हजार लिहिताना लाखानंतर आणि हजारानंतर स्वल्पविराम देतो. पोलादाचा यंग मोड्युलस न्यूटन प्रति चौरस मि.मी.मध्ये लिहिताना मुलं तो तसाच, २,१०,००० असा लिहितात आणि काही प्रणाली ते नाकारतात. उलट, ३१ मार्च २००९ ला चाकणला फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझही चाकणला आली, आणि या पट्ट्यातल्या पुरवठादारांच्या टेबलांवर जर्मन ड्रॉइंग नेहमीची झाली. जर्मन पद्धतीत दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम. साडेपंचवीस तिथे ‘२५,५’ असं लिहितात. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली बिंदू आणि स्वल्पविराम ही दोन्ही दशांशचिन्हं मान्य केली आहेत. अशा ठिकाणी इंटर्नशिप करून आलेल्या मुलाने तसं लिहिलं आणि प्रणालीने स्वल्पविराम गाळला, तर साडेपंचविसाचे दोनशे पंचावन्न होतात. दशांशचिन्ह कोणतं वापरायचं, मोठ्या संख्येत स्वल्पविराम द्यायचा की नाही, ही एक ओळ चाचणीच्या वर लिहिली की हा प्रश्न संपतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या पट्ट्यात टॉलरन्सशिवाय, म्हणजे किती फरक चालेल ते सांगितल्याशिवाय, एकही माप मागितलं जात नाही. २५ एच७ चं भोक म्हणजे आयएस ९१९ या भारतीय मानकाप्रमाणे २५.००० ते २५.०२१ मि.मी. बुशमध्ये प्लग गेजची गो बाजू गेली आणि नो-गो बाजू अडली, की जॉब पास. २५.००४ आणि २५.०१७ यांत इन्स्पेक्टर डावं-उजवं करत नाही. ज्या ड्रॉइंगवर टॉलरन्स नाही ते ड्रॉइंग इन्स्पेक्टर परत पाठवतो, कारण त्यावरून कुठलाच जॉब पास किंवा रिजेक्ट करता येत नाही. आपण मुलांना हे पहिल्या वर्षापासून शिकवतो, आणि त्यांची परीक्षा मात्र टॉलरन्स नसलेल्या प्रश्नांनी घेतो.

टॉलरन्स द्यायचा म्हणजे सरसकट एकच आकडा ठरवायचा, असंही होऊ देऊ नका. तसं केलं तर नव्या चुका होतील. समजा, मंडळाने सांगितलं की सगळ्या उत्तरांना ०.०१ चा फरक चालेल. मग वरच्या लेथच्या उदाहरणात ३८२.१७ तरीही चूक ठरेल. दुसरीकडे व्हर्नियरच्या प्रश्नात ०.०१ हे उत्तर बरोबर ठरेल, आणि ०.०१ हा तर मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट! ज्याला दोन उपकरणांतला फरक कळला नाही, त्याला पूर्ण गुण. म्हणून हिशेबाच्या उत्तराला टॉलरन्स टक्क्यांत द्यावा. लेथच्या उदाहरणात एक टक्का दिला तर साधारण ३७८ ते ३८६ मधलं काहीही चालेल. मग खरोखर चुकणारी मुलं निसटतील का? तपासून पाहा. पाय विसरलेल्याचं उत्तर येतं १२००. व्यासाऐवजी त्रिज्या घेतलेल्याचं येतं ७६४ च्या आसपास. १००० ने गुणायचं विसरलेल्याचं येतं ०.३८. यांतलं एकही उत्तर मर्यादेच्या जवळपास फिरकत नाही. टॉलरन्स ठरवायची खरी रीत हीच आहे: मुलं नेहमी कोणत्या चुका करतात, त्या चुकांतून कोणता आकडा येतो, तो आकडा मर्यादेच्या बाहेर राहिला पाहिजे; आणि पाय किंवा जी (गुरुत्वीय त्वरण) यांच्या मान्य किमतींतून येणारे सगळे आकडे आत आले पाहिजेत. हे काम विषय शिकवणाराच करू शकतो.

जीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. ९.८१ धरणारा आणि १० धरणारा यांच्या उत्तरांत दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. एक टक्क्याच्या मर्यादेत १० धरणारा बाद होईल. मग एकतर मर्यादा वाढवा, किंवा प्रश्नातच लिहा की जी ९.८१ घ्या. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण त्यात मुलाला अंदाज करावा लागत नाही.

काही उत्तरांना टक्केवारी चालतच नाही. १२० दातांच्या गिअरचा प्रश्न असेल तर एक टक्का दिल्यावर ११९ आणि १२१ हीसुद्धा बरोबर ठरतील, आणि एक दात चुकलेला गिअर कुठल्याच गिअरबॉक्समध्ये चालत नाही. मोजदादीचं उत्तर अचूकच हवं. आणि उत्तर शून्य असेल, जसा कँटिलिव्हरच्या मोकळ्या टोकाचा बेंडिंग मोमेंट, तर शून्याचा एक टक्काही शून्यच. तिथे टॉलरन्स एककात द्यावा लागतो.

पूर्णांकन हा तर वादाचा जुना विषय. १२.३४५ दोन दशांशांपर्यंत लिहायचं तर शाळेतलं मूल १२.३५ लिहितं. पण भारतीय मानक ब्यूरोचं आयएस २ हे मानक कित्येक दशकं सांगत आलं आहे, की नेमका पाच उरला तर आधीचा अंक सम असेल तेव्हा तो तसाच ठेवायचा आणि विषम असेल तेव्हा एकने वाढवायचा. त्याप्रमाणे उत्तर १२.३४. जवळजवळ प्रत्येक भारतीय मानकाच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं, की चाचणीचा अंतिम आकडा आयएस २ नुसार पूर्णांकित करावा. म्हणजे मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये नोकरीला लागलेला आपला विद्यार्थी १२.३४ लिहिणार, आणि तोच आकडा त्याने शिकत असताना चाचणीत लिहिला असता तर सूचीतल्या १२.३५ मुळे त्याला शून्य मिळालं असतं. देशाचं मानक पाळणाऱ्याचा गुण कापला जाऊ नये. इथे ०.०१ चा फरक मान्य केला तर दोन्ही उत्तरं बसतात.

हे सगळं कुणीतरी आधी करून ठेवलेलं आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था मिळून घेतात त्या गेट परीक्षेत संख्यात्मक उत्तराचे प्रश्न असतात. किती दशांशांपर्यंत उत्तर द्यायचं ते प्रश्नातच कंसात लिहितात. उत्तरसूचीत एक आकडा न देता इथून इथपर्यंत अशी मर्यादा छापतात. उत्तर नेमकं ५ असलं तरी ‘५ ते ५’ असं छापतात, म्हणजे कुणाला शंकाच राहू नये. त्या प्रश्नांना वजा गुणही नसतात. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमात साप्ताहिक असाइनमेंटची मुदत संपली की स्वीकारलेल्या उत्तरांची मर्यादा मुलांना दिसते. आपल्या पट्ट्यातले कितीतरी शिक्षक हेच कोर्स करतात, त्यांना ही पद्धत परकी नाही. जेईई मेनमध्ये जानेवारी २०२० पासून संख्यात्मक प्रश्न आले. आता तिथे उत्तर जवळच्या पूर्णांकात मागतात, त्यामुळे पायच्या किमतीचा घोळ बराच मिटतो. पण २०२२ पासून तिथे या प्रश्नांनाही वजा गुण आहेत, आणि तो भाग आपण उचलू नये असं मी आग्रहाने सांगेन. रिकाम्या जागेत संख्या टाकताना ठोकताळ्याला वाव नसतो. तिथे चुकणारं मूल प्रयत्न करून चुकलेलं असतं.

यावर दोन आक्षेप येतील, ते मी स्टाफरूममध्ये ऐकले आहेत. पहिला असा, की टॉलरन्स दिला तर मुलं ढिली पडतील, काटेकोरपणा जाईल. मी आयुष्याची बरीच वर्षं गेज रूममध्ये काढली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगतो: काटेकोरपणा म्हणजे किती फरक चालतो ते आधी ठरवणं, लिहून ठेवणं आणि मग त्यावर ठाम राहणं. गरजेपेक्षा घट्ट टॉलरन्स मागणाऱ्या डिझायनरला शॉपफ्लोअरवर कुणी काटेकोर म्हणत नाही. त्याच्यामुळे चांगले जॉब रिजेक्शनच्या ट्रेमध्ये जातात आणि कंपनीचं नुकसान होतं. सार्थ अंकांची समज तपासायची असेल तर तिच्यावर वेगळा प्रश्न विचारावा. तसंही २५.० आणि २५.०० यांतला फरक संख्यात्मक प्रश्नाच्या यंत्राला दिसत नाही. ती तपासणी आज होतेच आहे, हा भ्रम आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारातला: एवढी कटकट आहे तर चार पर्यायांचे प्रश्नच द्यावेत. मला हे सर्वांत धोक्याचं वाटतं. चार पर्याय दिले की मूल उत्तरावरून मागे येतं. पर्याय सूत्रात टाकून बघतं, दोन अशक्य पर्याय खोडतं, उरलेल्यांत कौल लावतं. रिकामी जागा त्याला काहीच सुचवत नाही. त्याला गणित करावंच लागतं. उद्या लेथसमोर उभं राहिल्यावरही चार पर्याय मिळणार नाहीत. रिकामी जागा हा प्रश्नाचा फार चांगला प्रकार आहे, म्हणून तर तो नीट तपासला जावा असा माझा हट्ट आहे.

आणि ऑनलाइन चाचणीचा एक मोठा गुण आपण वापरतच नाही. कागदावरच्या परीक्षेत सूची चुकली असं नंतर लक्षात आलं, तर गठ्ठे पुन्हा सोडून तपासावे लागतात. ऑनलाइन चाचणीत प्रत्येक मुलाने काय टाइप केलं ते जसंच्या तसं साठवलेलं असतं. मूडलमध्ये टॉलरन्स दुरुस्त करून पुनर्तपासणीची आज्ञा दिली, की सगळ्या वर्गाचे गुण नव्याने लागतात. निकाल लावण्याआधी चूक ठरलेली उत्तरं एकदा नजरेखालून घातली तरी पुष्कळ कळतं. अर्ध्या वर्गाने ३८२.१७ लिहिलं असेल तर चूक वर्गाची नाही, सूचीची आहे. हे बघायला शिक्षकाला पाच-दहा मिनिटं लागतात. पण आज ते बंधनकारक नाही, आणि मुलाने हरकत घेतली तर ती कुणाकडे घ्यायची हेही ठरलेलं नाही. हरकत घेणारं मूल ‘एका गुणासाठी भांडतंय’ असं ठरतं. प्रथम श्रेणीची अट घालणाऱ्या कंपनीच्या दारात त्याच एका-दोन गुणांनी ते मूल आत जातं किंवा बाहेर राहतं.

म्हणून मंडळाकडे माझी मागणी एका पानाच्या परिपत्रकाची आहे. सर्व संलग्न संस्थांना कळवावं, की ऑनलाइन चाचणीत संख्यात्मक उत्तर मागताना एकक रिकाम्या जागेपुढे छापलेलं असावं आणि मुलाने फक्त संख्या भरावी. एककाचं ज्ञान तपासायचं तर त्याचा प्रश्न वेगळा असावा. पाय, जी आणि इतर स्थिरांकांच्या किमती, आणि किती दशांशांपर्यंत उत्तर हवं ते प्रश्नातच द्यावं. प्रत्येक प्रश्नाला विषयशिक्षकाने ठरवलेला टॉलरन्स असावा आणि चाचणी संपल्यावर तो मुलांना दिसावा. संख्येच्या उत्तराला अक्षरजुळणी वापरू नये. देवनागरी आणि इंग्रजी अंक सारखेच मानावेत. पूर्णांकनात आयएस २ प्रमाणे आलेलं उत्तर कधीही चूक ठरू नये. निकाल अंतिम करण्याआधी चूक ठरलेल्या उत्तरांची यादी शिक्षकाने पाहिली असल्याची नोंद असावी, आणि हरकतीसाठी ठरावीक दिवस मिळावेत. मोठ्या गणितात शक्य तिथे मधल्या पायरीसाठीही रिकामी जागा ठेवावी, म्हणजे तुमच्या सूचनेतले पायरीचे गुण ऑनलाइनही देता येतील.

सोबत शिक्षकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं तर उत्तमच. या पट्ट्यातल्या क्वालिटी विभागांत आयुष्य घालवलेली, निवृत्त झालेली कितीतरी माणसं चिंचवड-निगडीत राहतात. टॉलरन्स कसा ठरवतात हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही, आणि बोलावलं तर ती आनंदाने येतील. मीही येईन.

यातल्या कशालाही नवा खर्च नाही, नवी प्रणाली नाही, कायद्यात बदल नाही. नियम तुमच्याच आदर्श उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर छापलेला आहे. पुढचं सत्र सुरू होण्याआधी तो ऑनलाइन चाचणीलाही लागू करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
पदविकेला शिकवणारा एक शिक्षक,
चिंचवड